पिकांच्या टाकाऊ अवशेषांतील तेल व तणांचा बंदोबस्त

"तण खाई धन" ही म्हण प्रत्येक कास्तकारास ठाऊक आहे. परंतु तण हे धन मुख्यतः केव्हा खाते, इकडे लक्ष दिले तर बंदोबस्ताचा खर्च पुष्कळ कमी होतो. सोयाबीनच्या पिकास पेरणीनंतरचे पंधरा ते पंचेचाळीस दिवस आणि कपाशीस पहिले साठ दिवस तणांचा उपद्रव सर्वांत अधिक बाधतो. या मुदतीत शेत स्वच्छ राहिले तर पुढे पिकाची सावली जमिनीवर पडते व उशिरा उगवलेले तण आपोआप दबते. ही मुदत चुकली तर नंतर कितीही खुरपणी केली तरी झालेले नुकसान भरून येत नाही.

परभणी जिल्ह्यातील भारी काळ्या जमिनीत अडचण नेमकी याच मुदतीत येते. पावसाची झड लागली की वाफसा येत नाही, कोळपे चालत नाही, आणि उघडीप मिळताच साऱ्या गावाची खुरपणी एकाच आठवड्यात निघते. मजुरीचे दर चढतात, मजूर मिळत नाहीत, आणि घरच्या स्त्रियांवर सर्व भार पडतो. अशा वेळी वनस्पतींच्या तेलापासून तयार केलेले "नैसर्गिक" तणनाशक कोणी पुढे केले तर मन तिकडे ओढ घेते. आपल्याच शेतातील टाकाऊ पाल्यातून असे तेल काढता येईल काय, असेही अनेकजण विचारतात. असे तेल निघते व ते कोवळे तण जाळते, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्याची मर्यादा समजून घेतल्याशिवाय त्यावर श्रम व पैसा खर्च करणे हिताचे नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

तेलाचे दोन प्रकार

वनस्पतींत दोन प्रकारची तेले असतात. करडई, सरकी, सोयाबीन, लिंबोळी यांच्या बियांतील तेल हे स्थिर तेल होय. हळदीची पाने, नीलगिरीची पाने, गवती चहा, मोसंबीची साल यांतील वास येणारे तेल हे उडून जाणारे, म्हणजे सुगंधी तेल होय. या दोहोंची परीक्षा सोपी आहे. कागदावर थेंब टाकून तो काही काळ मोकळ्या हवेत ठेवावा. स्थिर तेलाचा डाग कायम राहतो. सुगंधी तेलाचा डाग बहुतांशी उडून जातो.

तणांच्या दृष्टीने कामाचे आहे ते मुख्यतः सुगंधी तेल. स्थिर तेल फवारल्यास पान तेलकट होते, परंतु तण मरेलच असा भरवसा धरता येत नाही. स्थिर तेलापासून पेलार्गोनिक आम्लासारखी पाने जाळणारी द्रव्ये तयार करता येतात आणि परदेशांत त्यांची तणनाशके विकलीही जातात. तथापि ते काम कारखान्याचे आहे, शेतावर होण्याजोगे नाही. येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. यंत्रातील जळके ऑइल किंवा रॉकेल तणावर ओतण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्याने तण करपते हे खरे, परंतु जमीनही बिघडते. ही पद्धत कटाक्षाने टाळावी.

तेलाने तण कसे मरते

प्रत्येक पानावर मेणाचा एक पातळ थर असतो. तो पानातील ओलावा बाहेर जाऊ देत नाही. सुगंधी तेल या थरात शिरते, त्याखालील पेशींच्या पातळ आवरणास छिद्रे पाडते आणि पेशींतील रस बाहेर झिरपतो. उन्हात असे पान काही तासांतच मलूल होऊन करपते. मोसंबी व संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. लवंगेच्या तेलात युजेनॉल व नीलगिरीच्या तेलात सिनिओल हे मुख्य असते. यांपैकी लिमोनीन व लवंगेचे तेल यांचा उपयोग अमेरिकेत सेंद्रिय शेतीतील तणनाशकांत केला जातो.

या क्रियेवरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, जेथे थेंब पडला तेवढाच भाग जळतो. तेल मुळापर्यंत उतरत नाही. म्हणून हराळी, लव्हाळा, कुंदा यांसारखी जमिनीखालील गाठी, कंद वा काशा यांतून फुटणारी तणे वरून करपली तरी थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवी होतात. दुसरी ही की, तेलास पीक व तण यांतील भेद कळत नाही. सोयाबीनचे पानही ते तसेच जाळील. तिसरी ही की, तेल उडून जात असल्याने नंतर उगवणाऱ्या तणास ते रोखू शकत नाही. ज्या तणास नुकतीच दोन ते चार पाने आली आहेत, त्यावरच त्याचा खरा उपयोग होतो.

वनस्पतीतील तेलाचा अभ्यास किती दूरवर नेता येतो याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. बागांमध्ये शोभेसाठी लावले जाणारे लाल तुऱ्यांचे बॉटलब्रशचे झाड सर्वांच्या पाहण्यातले आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातील एका शास्त्रज्ञाच्या असे लक्षात आले की, या झाडाखाली तण फारसे उगवत नाही. शोध घेता लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य त्यास कारण असल्याचे आढळले. हे द्रव्य मुळात दुर्बळ होते. परंतु त्याच्या रचनेचा मागोवा घेत पुढे मेसोट्रायोन हे मक्यातील तणनाशक तयार झाले. वनस्पतीतील मूळ द्रव्य आणि त्यावरून कारखान्यात घडविलेले औषध या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही या उदाहरणावरून स्पष्ट होते.

ज्वारीच्या मुळांतील तेलकट थेंब

परभणीच्या वाचकांस अधिक जवळचे उदाहरण ज्वारीचे आहे. या जिल्ह्याचे ज्वारीशी असलेले नाते जुने असून, येथील कृषि विद्यापीठाने "परभणी मोती" व "परभणी शक्ती" यांसारखे वाण दिले आहेत. ज्वारीच्या कोवळ्या मुळांवरील बारीक केसांतून सोनेरी पिवळ्या रंगाचे तेलकट थेंब बाहेर येतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील नेट्झली व बटलर यांनी १९८६ साली या थेंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य द्रव्यास सॉर्गोलिओन असे नाव आहे. पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात त्या साखळीतील एक दुवा हे द्रव्य तोडते. ॲट्राझीन हे तणनाशकही त्याच ठिकाणी काम करते. बारीक बियांच्या तणांची कोवळी रोपे त्यामुळे खुरटतात.

पाकिस्तानातील पंजाबात गव्हाच्या पिकात याचा उपयोग करून पाहण्यात आला आहे. पक्व ज्वारीचे अवशेष हेक्टरी २ ते ६ टन, म्हणजे एकरी सुमारे ८ ते २४ क्विंटल, जमिनीत मिसळले असता तणे ४० ते ५० टक्के कमी झाली, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. ज्वारीच्या अर्काच्या फवारणीनेही तणांचे वजन एक-तृतीयांशाहून अधिक घटले.

आपल्याकडे मात्र कडबा हा टाकाऊ माल नव्हे. तो जनावरांचे अन्न आहे. तो जमिनीत गाडण्याचा सल्ला कोणीही शहाणा माणूस देणार नाही. शिल्लक राहतात ती धसकटे व मुळे. ती वेचून बांधावर जाळण्याऐवजी शेतातच कुजवावीत. एक काळजी मात्र घ्यावी. धसकटे कुजताना जमिनीतील नत्र काही काळ अडकून पडते व त्यांतील द्रव्यांचा त्रास लगेच पेरलेल्या पिकाच्या कोवळ्या रोपांसही होतो. ज्वारीमागून घेतलेले पीक आरंभी पिवळे दिसते त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून धसकटे मोडल्यानंतर जमीन ओली असताना तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत व मगच पुढील पेरणी करावी.

आपल्या जिल्ह्यात कोणता पाला तेलास योग्य

सोयाबीनची गुळी, तुराट्या, पऱ्हाट्या व उसाचे पाचट यांत तण जाळण्याजोगे सुगंधी तेल मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. तेलासाठी योग्य असा भरपूर मिळणारा अवशेष म्हणजे हळदीचा पाला. परभणी जिल्ह्यात आणि १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमतच्या परिसरात, हळदीची लागवड मोठी आहे. काढणीपूर्वी हळदीचा पाला कापावा लागतोच. या पानांच्या तेलात पुष्कळदा अल्फा-फेलँड्रीन हे द्रव्य प्रमुख असते. कंदाच्या तेलातील मुख्य द्रव्ये याहून निराळी असतात. म्हणून हळकुंडाच्या तेलाविषयी ऐकलेली माहिती पानांच्या तेलास जशीच्या तशी लावू नये. याशिवाय मोसंबीचा रस काढणाऱ्यांकडील साली व बांधावरील नीलगिरीची छाटणी यांचाही विचार करता येईल.

तेल काढण्याची रीत वाफेच्या ऊर्ध्वपातनाची आहे. भट्टीवरील बंद भांड्यात जाळीवर पाला भरून खालून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल वर येते, थंड पाण्यातून नेलेल्या नळीत ते निवते आणि हळदीच्या पानांचे तेल पाण्यावर तरंगते. ते अलगद काढून काचेच्या गडद बाटलीत, पूर्ण भरून व घट्ट बूच लावून, सावलीत ठेवावे. पाला हिवाळ्याच्या अखेरीस निघतो व तणांचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. म्हणून साठवण नीट होणे महत्त्वाचे आहे. भट्टी बसविण्याचा खर्च एकट्या कास्तकारास परवडणारा नसतो. गवती चहासारख्या सुगंधी वनस्पतींसाठी जेथे भट्टी आधीच चालू आहे, तेथेच याचा विचार करावा.

एक साधा हिशेब

कोणतीही नवी रीत स्वीकारण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, १०० किलो ओल्या पाल्यातून अर्धा लिटर तेल मिळाले. अशा तेलाचे सुमारे १० टक्के प्रमाणाचे मिश्रण तणाची पाने पूर्ण भिजतील असे फवारावे लागते. एकरी २०० लिटर मिश्रण धरल्यास २० लिटर तेल लागेल; म्हणजे ४,००० किलो पाला. आणि तेल पुढील उगवण रोखत नसल्याने हंगामात निदान तीन वेळा फवारणी करावी लागेल. तेव्हा ४,००० किलो पाल्याचे तेल हंगामभर जेमतेम १३ गुंठ्यांस पुरेल.

आता हाच पाला तेल न काढता जमिनीवर पसरला तर काय होते ते पाहू. तो वाळून पाचवा हिस्सा उरला असे धरले तरी ८०० किलो आच्छादन मिळते. गुंठ्यास ५० किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे ५ टन, या प्रमाणाने त्यातून १६ गुंठे झाकतात. यास सरपण लागत नाही, भट्टी लागत नाही आणि पंपही लागत नाही. तणाच्या बियांना उजेड मिळत नाही, जमिनीचा ओलावा टिकतो आणि पुढे त्याचेच खत होते.

यातील पाला व तेल यांचे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या पाल्याचे वजन व मिळालेले तेल मोजून ते बदलून घ्यावेत. परंतु हिशेबाचा रोख फारसा बदलणार नाही. तेल हे सबंध शेताचे औषध नव्हे. भट्टीतून उतरलेला चोथा मात्र फेकून देऊ नये. तेल निघाले तरी पाल्याचा बहुतेक सर्व भार तसाच राहतो व तो आच्छादनास पूर्वीइतकाच उपयोगी पडतो. म्हणजे भट्टी हाताशी असेल तर आच्छादन न गमावता तेल हा वरचा लाभ ठरतो.

हवामानाचाही विचार करावयास हवा. कोळपे चालत नाही अशी झड लागलेली असते तेव्हाच तणाची खरी भीती असते. आणि नेमक्या त्याच वेळी तेलाची फवारणी वाया जाते, कारण तिला कोरडे पान व कडक ऊन लागते. आच्छादन मात्र पावसातही आपले काम करीतच असते.

तेलाचा उपयोग कोठे करावा

ज्या थोड्या जागेत कोळपे जात नाही आणि पीकही उभे नसते, ती तेलाची जागा होय. खळे, विहिरीचा काठ, गोठ्याभोवतीची मोकळी जागा, पाटाची कड, पेरणीपूर्वीचे रोपवाटिकेचे वाफे व फळझाडांच्या ओळींमधील पट्टा ही याची उदाहरणे आहेत.

प्रथम एका गुंठ्यावरच प्रयोग करावा. ५ लिटर मिश्रणासाठी अर्धा लिटर तेल घ्यावे. तेल व पाणी एकत्र मिसळत नाहीत. म्हणून तेलात प्रथम ५० ते १०० मिलिलिटर द्रवरूप साबण घालून चांगले घोटावे व नंतर ढवळत ढवळत थोडे थोडे पाणी घालावे. दुधासारखे मिश्रण झाले म्हणजे ते तयार झाले असे समजावे. फवारणी चालू असतानाही पंप अधूनमधून हलवीत राहावे. वारा नसलेला, कोरडा व उन्हाचा दिवस निवडावा. दव वाळल्यानंतर दोन ते चार पानांच्या तणावर पाने भिजतील असे फवारावे. शेजारी तेवढीच जागा न फवारता ठेवावी. एक दिवसाने, आठ दिवसांनी व एकवीस दिवसांनी दोन्ही जागांतील तण मोजून वहीत लिहून ठेवावे. पहिल्या दिवशीच्या करपलेल्या पानांवरून निर्णय घेऊ नये. एकविसाव्या दिवशीचा आकडाच खरा.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. सुगंधी तेल डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो व त्वचेवर फोड येऊ शकतात. फवारताना चष्मा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. तेल पेट घेणारे असल्याने जवळ विडी ओढू नये. विहिरीत किंवा तळ्यात मिश्रण जाऊ देऊ नये. माशांस ते घातक ठरते. लिमोनीनने रबराचे वायसर फुगतात, म्हणून काम संपताच पंप साबणाच्या पाण्याने धुवावा.

ज्या तणांस तेल लागू पडत नाही

हराळी, कुंदा व लव्हाळा यांस उन्हाळी नांगरट व काशा वेचून काढणे हाच खात्रीचा उपाय आहे. वैशाखाच्या उन्हात उघड्या पडलेल्या काशा वाळून जातात. लव्हाळ्याच्या गाठी खोल असल्याने त्यास एकाहून अधिक हंगाम लागतात, हे ध्यानात ठेवावे.

गाजरगवताची गोष्ट निराळी आहे. पुण्यातील या परदेशी तणाची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली व पुढे ते देशभर पसरले. कोवळ्या गाजरगवतावर तेल चालते. परंतु पडीक जमिनी व रस्त्यांच्या कडा तेलाने फवारणे कोणासही शक्य नाही. तेथे झायगोग्रामा जातीचे मेक्सिकन भुंगे उपयोगी पडतात. हे भुंगे १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूर येथे आणून परीक्षेनंतर सोडण्यात आले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठानेही त्यांचे संगोपन व वाटप केले आहे. भुंगे पावसाळ्यात पाने खाऊन झाड खुरटवतात. जेथे भुंगे सोडले तेथे तेल किंवा अन्य औषध फवारू नये. फुले येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत खतास चालते. फुलावर आलेले आच्छादनासाठी कदापि वापरू नये. उपटताना हातमोजे घालावेत, कारण याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते.

ज्वारीतील टारफुला हे तर ज्वारीच्या मुळांवरच जगणारे तण आहे. मुळांतून झिरपणाऱ्या द्रव्यांची चाहूल लागली की त्याचे बी उगवते. ते जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून त्यावर तेल फवारण्यात अर्थ नाही. फुलावर येण्यापूर्वी उपटणे व कडधान्य किंवा कपाशीची फेरपालट करणे हेच योग्य होय.

बाटली विकत घेताना

तणनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात व विक्रीपूर्वी त्यांची नोंदणी आवश्यक असते. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटकांची नावे व प्रमाण, पीक आणि मुदत छापलेली आहे काय हे पाहावे. केवळ "शंभर टक्के वनस्पतिजन्य" असे लिहिलेली परंतु घटक न सांगणारी बाटली घेऊ नये. एका फवाऱ्यात लव्हाळा मुळासकट जाईल असे कोणी सांगू लागल्यास, सुगंधी तेलाचा हा गुणच नव्हे, हे ओळखावे. खरेदीची पावती जपून ठेवावी. प्रमाणित सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी विकतचे वा घरचे कोणतेही मिश्रण वापरण्यापूर्वी आपल्या प्रमाणीकरण संस्थेची संमती घ्यावी.

सारांश, शेतातून निघालेला पाला प्रथम जमिनीवर पसरावा. भट्टी हाताशी असेल तर त्याआधी त्यातील तेल काढून घ्यावे व ते अडचणीच्या चार जागांसाठी ठेवावे. उभ्या पिकात वेळेवर कोळपणी व ओळीतील खुरपणी करावी. आणि गाठीच्या तणांसाठी उन्हाळ्याची वाट पाहावी. येत्या हंगामात हळदीचा पाला कापताना तो बांधावर टाकण्यापूर्वी एकदा त्याचे वजन करावे. आपल्या शेतातील किती गुंठ्यांची खुरपणी त्यातून वाचेल, याचा हिशेब तेथूनच सुरू होतो.